आरबी६७ पाठीवर घेऊन डोंगर चढायचा, तर ट्रायपॉड कोणता? (बजेट १२ हजार)

उलटी_चौकट:
मामिया आरबी६७ प्रो-एस (मोठा फिल्म कॅमेरा), १२७ मिमी लेन्स, १२० फिल्मची बॅक (मागे लागणारा फिल्मचा डबा) आणि वरून वाकून बघायचा फाइंडर. सगळं मिळून पावणेतीन किलोच्या आसपास. पावसाळ्यात चिखलदरा-गाविलगड आणि हिवाळ्यात पचमढीला चौरागडाच्या पायऱ्या असा बेत आहे. रामटेकसारखं गाडीतून उतरलं की दहा पावलांवर काम, असं नाही, चालायचं आहे. हेडसकट (पायांवर बसून कॅमेरा धरणारा, वळवणारा भाग) दोन किलोच्या आत बसेल तर बरं. नागपुरात बर्डीवर दीड किलोचा, पाच भागांचा घडीचा ट्रायपॉड पाहिला. डब्यावर १२ किलो क्षमता लिहिली आहे, म्हणजे माझ्या कॅमेऱ्याच्या चौपटीहून जास्त. तरी घेऊ नका म्हणणारे भेटून राहिले. काहून?

कातळवाट:
डब्यावरचा आकडा विसरा. ती क्षमता कशी मोजायची याचा सगळ्या कंपन्यांना बांधील असा नियम नाही. ट्रायपॉड वजनाने बसला नाही म्हणजे फोटो हलला नाही, असंही नाही.

बघायची ती नळीची जाडी, आणि तीही सगळ्यात खालच्या भागाची. प्रत्येक भाग वरच्यापेक्षा साधारण ३ मिमीने बारीक असतो. वरची नळी २५ मिमी असेल तर पाच भागांत ती २५, २२, १९, १६, १३ अशी उतरते. म्हणजे पावणेतीन किलोचा ठोकळा शेवटी उभा राहतो करंगळीएवढ्या नळ्यांवर. नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवली तर ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो: २२ची नळी २८ची केली की ताठपणा दुप्पट, वजन मात्र जेमतेम पाव पटीनं जास्त. घड्या वाढवून लांबी वाचवण्यात हाच सौदा उलटा होतो.

आता तुमच्या फायद्याचं. वरून बघायचा फाइंडर असल्यामुळे तुम्हाला डोळ्याएवढा उंच ट्रायपॉड लागतच नाही. कॅमेरा आणि उघडलेला हूड (फाइंडरच्या घडीच्या भिंती) मिळून वीत-सव्वा वीत उंची तिथेच मिळते. साडेपाच फुटी माणसाला हेडसकट १०५ ते ११५ सेंमी पुरे. म्हणून २८ मिमी वरच्या नळीचे चार भागांचे पाय घ्या (२८, २५, २२, १९) आणि १९चा भाग बंदच ठेवा. उतारावर एखादा पाय लांब करायला तेवढा तो राखीव. दीड मीटर उंची, पावणेदोन मीटर उंची अशा जाहिराती तुमच्यासाठी नाहीतच.

मधली दांडी वर काढायची नाही. ती काढली की तीन पायांच्या ट्रायपॉडवर एका पायाचा ट्रायपॉड ठेवल्यासारखं होतं. आखूड दांडी मिळत असेल तर लांब दांडी घरी ठेवा, दीडदोनशे ग्रॅम तिथेच वाचतात.

दुकानात तपासायचं असं: पाय पूर्ण बाहेर ओढून पसरवा, वरच्या खांद्यावर (तिन्ही पाय जुळतात तिथे) दोन्ही तळहात ठेवून दाबा आणि पिळा. दाबल्यावर थोडं वाकलं तर चालतं, पिळल्यावर खांदा फिरला तर परत ठेवा. जमलं तर कॅमेरा लावून फाइंडरच्या भिंगातून बघत पायाला टिचकी मारा. चित्र एका सेकंदात स्थिर व्हावं.

पाणकोंबडा६७:
कातळवाट यांनी पायांचं सांगितलं, पैसे वाया जातात ते हेडवर.

आरबीची बॅक फिरते. उभा फोटो घ्यायला कॅमेरा आडवा पाडावा लागत नाही, म्हणून एल-ब्रॅकेट (कॅमेरा उभाही बसवता यावा म्हणून लावायची काटकोनी पट्टी) नको आणि ९० अंशांत झुकणारं हेडही नको. पेंटॅक्स ६७ असता तर हेच उत्तर वेगळं असतं. त्याला एल-ब्रॅकेट लागलंच असतं.

बॉल हेड घेतलंत तर बॉल ३६ मिमीच्या वरचा आणि घर्षण कमी-जास्त करायची वेगळी घुंडी असलेलं घ्या. छोट्या बॉलची खोड अशी की घट्ट केल्यावर, हात सोडला की चौकट केसभर खाली बसते. आरबीत फोकससाठी भाता (लेन्समागची घड्यांची नळी) पुढे सरकतो आणि वजन पुढे जातं, त्यामुळे ही खोड जास्त दिसते. प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडच्या खाचेत बसवायची पट्टी) अर्का-स्विस पद्धतीची, लांब असलेली घ्या आणि लेन्सच्या दिशेने लावा, म्हणजे भाता बाहेर आल्यावर कॅमेरा मागे सरकवून तोल साधता येतो. रबरी गादीच्या प्लेट टाळा. गादी दबते आणि कॅमेरा स्क्रूभोवती हळूहळू फिरतो.

एक कुरकुर: या फाइंडरमध्ये डावं-उजवं उलटं दिसतं. बॉल हेड ढिलं केलं की सगळ्या दिशा एकदम सुटतात आणि क्षितिज सरळ करताना माणूस वैतागतो. पॅन-टिल्ट हेडवर एका वेळी एकच दांडी हलते. पण ते पाऊण-एक किलोचं, बॉल हेड ४००-५०० ग्रॅमचं. चालायचं आहे म्हणून बॉल, घरी असता तर पॅन-टिल्ट.

उलटी_चौकट:
समजलं. २८ मिमीचे कार्बन फायबरचे पाय हेडसकट माझ्या बजेटमध्ये बसतील असं वाटत नाही. अॅल्युमिनियम घेतलं तर?

कातळवाट:
बसतील, पण वापरलेले. कार्बनचा फरक वजनाचा, आणि कंपनं थोडी लवकर विरतात. पण जाड अॅल्युमिनियम बारीक कार्बनपेक्षा कधीही बरं. मॅनफ्रोटोच्या १९० मालिकेतले तीन भागांचे अॅल्युमिनियमचे पाय साधारण दोन किलोचे, हेड धरून अडीच. दोन किलोच्या मर्यादेला अर्धा किलो ढील द्यावी लागेल. ०५५ मालिका सुमारे अडीच किलोची, हेड वेगळं. ती चौरागडाच्या पायऱ्यांना मी सुचवणार नाही.

जुना घेताना: प्रत्येक लॉक लावून त्या पायावर वजन द्या, सरकतो का बघा. पेच सैल असतील तर चालतं, कसता येतात. खांद्याच्या बिजागराला तडा असेल तर सोडा. वरचा स्क्रू ३/८ इंच असतो, कॅमेऱ्याच्या तळाचा १/४ की ३/८ ते बघून घ्या. एका मापाचा दुसऱ्याला जुळवणारा पितळी बुश काही रुपयांना मिळतो. हेड कायमचं जोडलेलं असेल तर असा ट्रायपॉड घेऊच नका.

सर्व्हेवाल्यांचा लाकडी ट्रायपॉड स्वस्त पडतो आणि कंपनं छान शोषतो म्हणून कोणी सुचवेल. त्याचा स्क्रू ५/८ इंचाचा आणि वजन पाच-सहा किलोच्या घरात. गच्चीवर ठीक.

भर_दुपार:
पाय आणि हेड झालं, पण अर्धा धक्का कॅमेऱ्याच्याच पोटात आहे. आरबीचा आरसा मोठा, वर जाताना दणका देतो. क्रम असा ठेवा: फोकस, मग फाइंडरचा हूड मिटवून टाका (चिखलदऱ्याच्या कड्यावर तो शिडासारखा वारा धरतो), मग डार्क स्लाइड (फिल्मसमोरची, उजेड अडवणारी पातळ पट्टी) काढा, कारण ती ओढतानाही कॅमेरा हलतो. लेन्सवरचा मिरर-अपचा (आरसा आधीच वर करायचा) खटका फिरवून केबल रिलीज (हात न लावता शटर दाबायची तार) लेन्सला लावा. बॉडीचं बटण दाबून आरसा वर, दोन-तीन सेकंद थांबा, मग केबलने शटर. लेन्समधलं, पात्यांचं (लीफ) शटर असल्यामुळे त्याचा स्वतःचा धक्का जवळजवळ नाही. केबल ताणलेली नको, सैल वळसा हवा.

वाऱ्यात दांडीच्या हुकाला बॅग टांगा, पण जमिनीला टेकेल इतकीच. हवेत लोंबकळली तर ती झोका घेते आणि ट्रायपॉडलाही घेऊन हलते.

काळ्या मातीत पावसाळ्यात पाय रुततात, तेही हळूहळू, एक्स्पोजर चालू असतानाच. डब्यांची तीन प्लास्टिक झाकणं पायांखाली ठेवा. कातळावर रबरी बूट, गवतावर खिळे. परत आल्यावर पिळायची लॉक उघडून चिखल साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, आट्यांना पुसटसं ग्रीस. तसंच मिटवून ठेवलं तर वाळलेली माती पुढच्या वेळी सुरी फिरवल्यासारखी नळी खरवडते. आणि चढताना त्याचा काठीसारखा वापर करू नका, लॉक ढिली होतात.

उन्हाळ्यात नेणार असाल तर वरच्या नळीला क्रिकेट बॅटची जुनी ग्रिप चढवा. विदर्भातल्या मे महिन्यात काळं अॅल्युमिनियम हातात धरवत नाही, भाऊ.

उलटी_चौकट:
वापरलेले १९०चे पाय शोधतो, बॉल हेड नवं. एक शेवटचं: धबधब्याला एक सेकंदापेक्षा जास्त हवं असेल तर केबल दाबून धरायची?

भर_दुपार:
नाही. आरबीच्या लेन्सवर बी (दाबून धरलं तेवढा वेळ उघडं) नाही, टी आहे. एकदा दाबलं की उघडं राहतं, आणि बंद करायला शटरची रिंग फिरवावी लागते. तिथेच चित्र हलतं. आधी लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, मग रिंग फिरवा.