वस्तीचे गट कशाने ओस पडतात: भांडणाने की रचनेने?

सीताबर्डीकर
नळाला पाणी कधी, कचरागाडी का आली नाही, एवढ्यासाठी वस्तीचा व्हॉट्सॲप गट निघतो. निवडणूक आली की तिथंच आईबाप काढले जातात. माझं म्हणणं, भांडणारे गट सोडत नाहीत. ते बघून कंटाळलेले सोडतात, आणि प्लंबरचा नंबर देणारे नेमके तेच असतात. २०२२ पासून कुणी बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, म्हणून गळती लक्षात येत नाही. गटाच्या माहितीत मागच्या ६० दिवसांत गेलेल्यांची यादी असते. ती उघडून नावं वाचा.

संत्रानगरी
पटत नाही. ऑर्कुट ही गूगलची सोशल साइट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली, कारण लोक आधीच फेसबुकवर गेले होते. वाद नको म्हटलं तर गटाचा नोटीस बोर्ड होतो. हिवाळी अधिवेशनाचं गाव आहे हे, राजकारण बोलणारच लोक!

सीताबर्डीकर
वाद कोण थांबवतंय? वेगळ्या विदर्भाचा खर्च कसा भागणार, हा वाद झाला. ते विचारणाऱ्या बाईला रात्री अकराला खासगीत घाणेरडे मेसेज येणं हा छळ. साध्या गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, वाट तिथूनच मिळते. टेलिग्रामच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये नंबर कुणालाच न दिसण्याची सोय आहे. गट तिकडे हलवा.

मिहानवाला
माणसांना दोष देताना यंत्र विसरू नका. फेसबुकने २०१७ पासून इमोजी प्रतिक्रियेला लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, त्यात रागाचा चेहराही आला. जी पोस्ट चिडवते ती वर. २०२० मध्ये रागाचं वजन शून्यावर आणावं लागलं.

संत्रानगरी
मग व्हॉट्सॲपवर का भांडतात? तिथं तर मेसेज आले तसे दिसतात.

मिहानवाला
मुद्दा बरोबर आहे. तिथं दोष वेगाचा. दोघं दहा मिनिटांत चाळीस मेसेज टाकतात आणि पाण्याची सूचना वर वाहून जाते. टेलिग्रामवर स्लो मोड आहे: एकाच सदस्याच्या दोन मेसेजमधलं अंतर काही सेकंदांपासून १ तासापर्यंत ठेवता येतं. मतदानाच्या आठवड्यात १५ मिनिटं ठेवा. व्हॉट्सॲपवर 'फक्त ॲडमिन' करून कुलूप लावू नका. लोक दुसरा गट काढतात आणि तिथं आवरणारं कुणी नसतं.

महालची_ॲडमिन
ॲडमिन हात आखडता घेतात ते केसच्या भीतीने. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात सांगितलंय, समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन जबाबदार नाही. म्हणजे निर्धास्त राहून नीट काम करता येतं. शिवी आली की मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा, आणि लगेच त्या माणसाला खासगीत कारण कळवा. कारण न देता काढलं की स्क्रीनशॉट फिरतो आणि ॲडमिन एका पक्षाचा ठरतो. विरुद्ध मतांचे दोन ॲडमिन ठेवा, नवीन सदस्याला मंजुरी सक्तीची करा.

संत्रानगरी
हाकलले तर दुसऱ्या गटात जाऊन तेच करतील.

महालची_ॲडमिन
रेडिट या चर्चेच्या साइटने २०१५ मध्ये द्वेषाचे दोन मोठे विभाग बंद केले. २०१७ च्या अभ्यासात दिसलं की त्यातले जे रेडिटवर राहिले, त्यांची द्वेषाची भाषा किमान ८० टक्के घटली. बरेच जण साइट सोडूनही गेले.

संत्रानगरी
ते कंपनीने केलं, पगारी माणसं लावून. वस्तीत ज्याला काढायचं तो शेजारी राहतो, गणपतीची वर्गणी त्याच्याच घरी मागायची असते. दोन विरुद्ध मतांचे ॲडमिन मान्य, पण कायमचे नकोत. दर तीन महिन्यांनी बदला, नाहीतर शेवटी दोघंच आपसात भांडतील.