कन्स्ट्रक्टरला सात आर्ग्युमेंट्स दिली तर काय बिघडलं?

अर्धविराम: 'तीनपेक्षा जास्त आर्ग्युमेंट्स घेणारा कन्स्ट्रक्टर म्हणजे क्लास फेकायच्या लायकीचा' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. अहो, कन्स्ट्रक्टर ऑब्जेक्ट बनवतो, त्याला लागणारी माहिती आर्ग्युमेंट्स म्हणूनच देणार ना! उपाय काय सुचवलाय, तर रिकामा कन्स्ट्रक्टर आणि खाली एकेक फील्ड नंतर भरणाऱ्या सेटरची रांग! एक सेटर राहिला की ऑब्जेक्ट अर्धवट, आणि रिकाम्या फील्डमुळे नल पॉइंटरची एरर फुटणार तिसऱ्याच फाइलमध्ये. फील्ड फायनल, म्हणजे एकदा भरलं की न बदलणारी, करता येत नाहीत ते वेगळंच. जे लागतं ते जन्मताच द्या की.

नलसम्राट: पोस्ट माझीच. आमच्याकडे ट्रान्सफर क्लासला लागोपाठ दोन स्ट्रिंग होत्या: कुठून, कुठे. एकाने उलट्या दिल्या. कंपाइलर खूश. टेस्टही पास, कारण टेस्टमध्ये दोन्हीकडे एकच खातं! पैसे उलटे गेले तेव्हा कळलं. आता सांगा.

चांदणी: हे जावावाल्यांचं रडगाणं. पायथनमध्ये आर्ग्युमेंट्सच्या यादीत एक चांदणी (*) टाका, पुढचं सगळं नावानिशीच द्यावं लागतं. सी शार्पमध्ये 2010 पासून नावं देता येतात, पीएचपीतसुद्धा 8.0 पासून. तुमचं अजून मोजत बसणं चालूच.

जुना_जार: पायथनवाल्यांनी तर बोलूच नये. आर्ग्युमेंट दिलं नाही तर वापरायचं डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट लिहा, ती एकदाच बनते आणि सगळी ऑब्जेक्ट्स तीच वापरतात. एकाच्या कार्टात दुसऱ्याचा माल. रात्रभर जागलोय त्यापायी.

चांदणी: डिफॉल्ट नन (None, म्हणजे काहीच नाही) ठेवायचा आणि लिस्ट आत बनवायची, हे पहिल्या धड्यात असतं. जागलात ते न वाचल्यामुळे. तुमच्या जावात न्यू डेट(2024, 1, 5) लिहिलं की 3924 सालचा फेब्रुवारी मिळतो, त्याचं काय?

जुना_जार: तो कन्स्ट्रक्टर जावाच्या जेडीके 1.1 पासून डेप्रिकेटेड आहे, म्हणजे 'वापरू नका' असा शिक्का! मढी कशाला उकरताय?

चांदणी: डेप्रिकेटेड आहे, गेलेला नाही.

अर्धविराम: अहो, धागा कन्स्ट्रक्टरचा आहे, भाषांच्या भांडणाचा नाही.

मधलाच: जावाच्या लोम्बॉक लायब्ररीचा बिल्डर लावा, एकेक फील्ड नावाने भरा आणि विषय संपवा.

अर्धविराम: त्यात फील्ड राहिलं तरी कंपाइल होतं, 'रिकामं चालणार नाही' असं सांगणारं नॉननल लावलंत तरी प्रोग्राम चालताना, रनटाइमला फुटतं. म्हणजे सेटरच, फक्त इस्त्री केलेले. नलसम्राट, तुमचा घोळ आर्ग्युमेंट्सच्या संख्येचा नव्हताच, दोन्ही स्ट्रिंग होत्या म्हणून झाला. देणारं खातं आणि घेणारं खातं असे दोन वेगळे टाइप करा, उलटे दिले तर कंपाइलच होणार नाही.

नलसम्राट: बरं बाबा, एवढं मान्य. पण ट्रू, फॉल्स, ट्रू अशी माळ दिसली तर एनम (नावं दिलेले ठरावीक पर्याय) केल्याशिवाय माझ्या रिव्ह्यूतून पुढे जाणार नाही.

जुना_जार: तुमच्या रिव्ह्यूतून काही पुढे जातं?