अंगणातलं पावसाचं पाणी गल्लीत न सोडता घरच्या घरी जिरवायचं कसं?

रानजाई
नमस्कार मंडळी. पुण्यात कोथरूडला आमचं बैठं घर आहे, गच्ची साधारण १००० स्क्वेअर फूट, पुढेमागे अंगण. जोराची सर आली की गच्चीच्या पाईपांचं आणि अंगणाचं सगळं पाणी फाटकाखालून गल्लीत जातं, गल्ली उताराची, त्यामुळे खालच्या घरातल्या आजींच्या ओट्याला पाणी लागतं. मला ते बघवत नाही. घरचे म्हणतात चिखल नको, अख्ख्या अंगणात पेव्हर ब्लॉक टाकू. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाईप ड्रेनेजच्या चेंबरला जोडून देतो, विषय संपला. मला दोन्ही पटत नाहीये. फार खर्च न करता काय करता येईल? डास होतील का, घराच्या पायाला ओल येईल का तेही सांगा प्लीज.

मुरूममाती
ताई, चेंबरला पाईप अजिबात जोडू देऊ नका. ती लाईन संडास-बाथरूमच्या पाण्याच्या हिशोबाने टाकलेली असते, त्यात गच्चीचं पाणी गेलं की खालच्या बाजूची झाकणं उचलली जातात आणि मग आजींच्या दारात पावसाचं नाही, मैल्याचं पाणी येतं.

आता हिशोब बघा, एक स्क्वेअर मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची गच्ची ९३ स्क्वेअर मीटर, ५० मिमी पाऊस झाला तर साडेचार हजार लिटरच्या आसपास, म्हणजे एक छोटा टँकर नुसत्या गच्चीवरून. ५०० लिटरची टाकी ठेवली तर ती पहिल्या ५-६ मिमीतच भरते, झाडांना पाणी म्हणून चांगलीच आहे पण गल्लीतला लोंढा तेवढ्याने थांबत नाही. पाणी जिरायला माती उघडी हवी, ती झाकून वर उपाय शोधण्यात काही अर्थ नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून पाणी जातं असं सांगतात, पण खाली पीसीसी (साधं काँक्रीट) किंवा रोलर फिरवून दाबलेला मुरूम असेल तर जाणार कुठे? गाडीसाठी चाकांपुरत्या दोन पट्ट्या करा, चालायच्या वाटेवर शहाबादी फरशी फटी सोडून बसवा, फटीत बारीक खडी भरा. चिखल होत नाही.

वाळ्याचा_पंखा
मुरूममाती यांना +१. माझं मत, शोषखड्ड्याच्या आधी खोलगट वाफा करा. लोक ५ बाय ५ चा ६ फूट खोल खड्डा घेतात आणि दगड-खडीने भरतात, पण दगड भरल्यावर पाण्याला जागा उरते साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे चौदाशे लिटर. तेवढंच पाणी १० बाय १० च्या, अर्धा फूट खोल वाफ्यात मावतं आणि तो घरच्या घरी एका सुट्टीत खणून होतो! गाळ साचला तरी वरवर खुरपलं की झालं, खड्ड्यात गाळ बसला की सगळे दगड बाहेर काढावे लागतात.

वाफा भिंतीपासून दहा फूट लांब आणि उताराच्या बाजूला घ्या, पायाला ओलीची भीती राहत नाही. पाईपाचं पाणी जिथे पडतं तिथे चार मोठे गोटे ठेवा नाहीतर माती उकरली जाते. कर्दळ, वाळा, गवती चहा लावा, मुळं माती मोकळी ठेवतात. आणि जास्तीचं पाणी जायला एका बाजूला सांडवा ठेवाच, मोठ्या पावसात वाफा भरणारच आहे. डासांचं म्हणाल तर अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, पाणी दोन दिवसांत जिरलं तर प्रश्नच नाही.

दूरदेशी_पाऊस
मी फिलाडेल्फियात असते. इथे जुन्या भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारात जातं, जास्त पाऊस झाला की ते नदीत उतरतं. म्हणून इथलं पाणीखातं असे वाफे करायला लोकांना आर्थिक मदत करतं, गच्चीच्या पाईपाखाली ठेवायची पिंपं पण देतं. आमच्याकडे पाईप जमिनीतल्या लाईनपासून तोडून हिरवळीवर वळवला, एवढ्यानेही बराच फरक पडला. पुण्यात महापालिका पावसाचं पाणी साठवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते ना, ताई नक्की चौकशी करा.

रानजाई
खूप खूप आभार सगळ्यांचे!! एकच शंका, आमची माती काळी आहे, पाणी जिरेल का?

मुरूममाती
आधी परीक्षा घ्या. वाफ्याच्या जागी दीड फूट खड्डा खणा, एकदा पाणी भरून जिरू द्या, मग परत भरा आणि बघा. दुसऱ्या दिवशी मोकळा दिसला तर बिनधास्त करा. पाणी तसंच उभं असेल तर काळ्या मातीचा थर जाड आहे, ती ओली झाली की फुगते आणि भेगा बंद होतात. मग पहारीने खालचा मुरूम लागेपर्यंत दोन-तीन ठिकाणी भोकं पाडून त्यात खडी भरा, वर वाफ्याची माती शेणखत आणि वाळू मिसळून घ्या. फक्त कातळ लगेच लागला तर तिथे खोल जाऊ नका, वाफा उथळ आणि पसरट ठेवा. मे महिन्यात उरकून घ्या, वळवाच्या पावसात कुठून पाणी फुटतंय ते कळतं आणि जूनच्या आत वाफ्याचा बांध नीट करता येतो.