न्यायालय कायदा ‘रद्द’ करतं का?
(एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शब्दसाखळी
नागरिकशास्त्राच्या एका पूरक पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, इंटरनेटवरचा ‘आक्षेपार्ह’ मजकूर गुन्हा ठरवणारं कलम ६६अ कोर्टाने ‘स्ट्रक डाऊन’ केलं, असं मूळ वाक्य आहे. मसुद्यात ‘न्यायालयाने कलम ६६अ रद्द केले’ असं घातलं होतं. तपासणाऱ्यांनी ‘रद्द’वर काट मारून ‘शून्यवत घोषित केले’ असं लिहिलं आणि समासात शेरा दिला : ‘कायदा रद्द करणे हे विधिमंडळाचे काम, न्यायालयाचे नव्हे.’ वर्तमानपत्रं तर सर्रास ‘रद्द’ छापतात. शिवाय नववीच्या मुलांना ‘शून्यवत’ कळेल का, ही शंका आहेच. मधला एखादा शब्द आहे का?

रात्रपाळी
‘रद्द’ ठेवा. मथळ्यात बसतो, शेतकऱ्यापासून सचिवापर्यंत सगळ्यांना कळतो. आणि न्यायालय रद्द करत नाही हे कुणी सांगितलं? ‘गुन्हा रद्द करावा’ म्हणून उच्च न्यायालयात रोज अर्ज पडतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली पडायचे, आता नव्या संहितेच्या ५२८ खाली. परवाना रद्द, निविदा रद्द, निवड रद्द, हे सगळं कोर्ट करतं. मग कायद्यापाशीच शब्द का अडावा?

जुनी सनद
अडतो, कारण कायदा संपण्याचे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींचे परिणाम वेगळे.

पहिला, ज्याने केला त्यानेच काढून घेणं. याला निरसन म्हणतात. तीन कृषी कायदे पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने केले, १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली, आणि नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी संसदेनेच निरसनाचा कायदा करून ते काढले. इथे रद्द करणारी संसद. न्यायालयाने फक्त थोपवून धरले होते.

दुसरा रस्ता अनुच्छेद १३ चा. मूलभूत हक्कांशी जो कायदा विसंगत असेल तो विसंगतीपुरता निष्प्रभ, हे संविधानच सांगून ठेवतं. न्यायालय त्यावर बोट ठेवतं एवढंच.

आता परिणाम. निरसन झालं तर जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं (१८९७, केंद्रीय कायद्यांसाठीचे सामान्य नियम) कलम ६ लागू होतं : आधी झालेले व्यवहार, अंगावर आलेली देणी, लागलेला दंड, चालू असलेले खटले हे सारं तसंच पुढे चालतं, निरसन करणाऱ्या कायद्यात वेगळं म्हटलेलं नसेल तर. घटनाबाह्य ठरलेल्या कायद्याला हे कलम ६ चं छत्र नाही. त्याखालच्या खटल्याचा पायाच निघून जातो. नववीच्या मुलालाही हा फरक सांगता येतो, आणि तो सांगायचा तर दोन गोष्टींना एकच शब्द वापरून चालणार नाही.

बहावा
तपासणाऱ्यांचं अभिनंदन. ‘रद्द’ अरबी, ‘बातल’ अरबी. स्वराज्य आल्यावर राज्यव्यवहारातले फारसी-अरबी शब्द काढून मराठी-संस्कृत शब्द योजण्याचं काम शिवाजी महाराजांच्या दरबारात झालं. आपण ते निदान न्यायाच्या भाषेत तरी पुढे न्यायला हवं. शून्यवत घडवलेला आहे, पण स्वच्छ आहे. मुलांना दोनदा वाचून कळेल. सगळं एकदा वाचून कळलंच पाहिजे असा हट्ट कशाला?

रात्रपाळी
मग ‘वकील’, ‘अर्ज’, ‘फिर्याद’, ‘जामीन’, ‘दावा’, ‘हुकूम’ यांचंही करा काहीतरी. तालुका न्यायालयात दिवसभर हेच शब्द चालतात. महाराष्ट्रात दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे आणि ही मराठी तिथे पक्की रुजलेली आहे. ‘रद्दबातल’ तर या कामासाठीच बनल्यासारखा आहे : रद्द म्हणजे परत लोटलेलं, बातल म्हणजे फोल, पोकळ. कायदा मुळातच फोल होता, हेच तर जुनी सनद सांगताहेत. तेव्हा नुसतं ‘रद्द’ नको असेल तर ‘रद्दबातल ठरवले’ लिहा. क्रियापद ‘केले’ नको, ‘ठरवले’ हवं. अर्धा वाद तिथेच मिटतो.

तळटीप
‘ठरवले’ला माझा पाठिंबा. उरलेला अर्धा वाद मात्र महत्त्वाचा आहे, आणि नेमकं ६६अ हेच त्याचं उदाहरण आहे.

२४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. (महाराष्ट्राला हे कलम आठवायला हवं. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका मजकुरावरून पालघरला दोन तरुणींना अटक झाली, त्यानंतरच हा खटला उभा राहिला.) सगळीकडे बातमी लागली, ‘६६अ रद्द’. लोकांची समजूत झाली की कलम पुस्तकातून गेलं. ते गेलं नव्हतं. न्यायालयाच्या हातात खोडरबर नाही. निकालाने कायद्याच्या छापील मजकुरातला एक कानाही हलत नाही. मजकूर काढायचा तर संसदेने दुरुस्ती करायला हवी, आणि ती २०२३ पर्यंत झाली नाही.

पुढे काय बिघडलं? पोलीस ठाण्यातल्या पुस्तकात कलम पूर्ण मजकुरासह होतं आणि निकालाची नोंद पानाच्या तळाशी बारीक अक्षरात. गुन्हे दाखल होत राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकालाच्या प्रती सगळी उच्च न्यायालयं, मुख्य सचिव आणि पोलीस महासंचालकांकडे पाठवायला सांगावं लागलं. तरी भागलं नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा याचिका सुनावणीला आली तेव्हा ११ राज्यांत ७४५ खटले अजून चालू असल्याचा आकडा त्या याचिकेत होता. न्यायमूर्तींनी धक्का बसल्याचं सांगितलं. महान्यायवाद्यांचं उत्तर हेच होतं की पुस्तकात कलम आहे, रद्द झाल्याचं तळटिपेत आहे.

शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ चा आदेश आला : या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, आणि सरकारी असो वा खासगी, ज्या प्रकाशनात ६६अ छापलं जाईल तिथे ते घटनाबाह्य ठरल्याचं वाचकाला पुरेसं कळेल असं छापावं. म्हणून पुस्तिकेत एकच शब्द देऊन थांबू नका. ‘कलम २०२३ पर्यंत पुस्तकात राहिले, पण त्याचा अंमल २०१५ मध्येच संपला’ असं एक वाक्य जोडा. शब्द कोणताही निवडा, हे वाक्य गाळू नका.

चिकित्सक
तळटीप यांच्या वर्णनाला बरोबर बसणारा शब्द मराठीत आधीच आहे : बाद. निवडणुकीत मत बाद ठरतं तेव्हा मतपत्रिका कुणी फाडून टाकत नाही. ती मोजणीत धरत नाहीत, पण वेगळ्या गठ्ठ्यात राहते आणि वाद झाला तर पुन्हा काढून पाहता येते. छाननीत उमेदवारी अर्ज बाद होतो तेव्हाही कागद दप्तरी असतो. ‘न्यायालयाने कलम ६६अ बाद ठरवले.’ दोन अक्षरं, मथळ्यात बसतात, मुलांना कळतात.

बहावा
‘बाद’ला माझी हरकत नाही, कारण तो संस्कृत ‘बाध’वरून आला असणार. मीमांसेत एका विधीने दुसऱ्या विधीचा बाध होतो. बाधित झालेला विधी ग्रंथात असतोच, फक्त त्या प्रसंगी लागू होत नाही. अर्थ तंतोतंत जुळतो.

चिकित्सक
अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. ‘बाद’ हिशेबाच्या चोपडीतून आला आहे : बाद करणे म्हणजे वजा करणे. ‘वजा’सारखाच तोही अरबीतून आलेला. ‘ध’चा ‘द’ कसा झाला हे आधी दाखवावं लागेल.

बहावा
बोलीत शेवटचा महाप्राण सुटतो याचे दाखले हवे तेवढे मिळतात. शोधतो.

जुनी सनद
व्युत्पत्ती बाजूला ठेवून विचारतो : ‘बाद’ झालेलं परत येतं का? कायद्यात हा प्रश्न खरोखर उभा राहतो. भिकाजी नारायण धाकरस खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने ग्रहणाची कल्पना मांडली. संविधानाच्या आधीचा कायदा मूलभूत हक्काशी विसंगत असेल तर त्याला ग्रहण लागतं, आणि पुढे घटनादुरुस्तीने विसंगती गेली की ग्रहण सुटतं, कायदा पुन्हा लागू होतो. संविधानानंतर केलेल्या कायद्याला मात्र ही सवलत नाही. दीपचंद खटल्यात (१९५९) तो जन्मतःच मृत मानला. म्हणजे अनुच्छेद १३ च्या पहिल्या खंडातलं ‘शून्यवत’ आणि दुसऱ्या खंडातलं ‘शून्यवत’ यांत भेद आहे. पहिल्याला ‘शून्यासारखा’ हा शब्दशः अर्थ लागतो, दुसरा सरळ शून्य.

मुंबईतलं ताजं उदाहरण याहून रंजक आहे. उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या संपादनावरून म्हाडा कायद्याच्या प्रकरण आठ-अला आव्हान होतं. त्यात अनुच्छेद ३१ग चा, म्हणजे इंग्रजीतल्या ३१-सी चा, वाद निघाला. काही कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून संरक्षण देणारा हा अनुच्छेद. ४२ व्या घटनादुरुस्तीने त्यातले जुने शब्द काढून नवे घातले. मिनर्व्हा मिल्स निकालाने (१९८०) ते नवे शब्द घटनाबाह्य ठरले. मग जुने शब्द परत आले, की जागा रिकामीच राहिली? हे ठरवायला ५ नोव्हेंबर २०२४ उजाडलं. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की केशवानंद भारती निकालाने (१९७३) जेवढं वैध ठरलं होतं तेवढं ३१-सी टिकून आहे.

निरसनात हे उलट असतं. मूळ कायदा निरसित झाला आणि पुढे निरसन करणारा कायदाही निरसित झाला, तरी मूळ कायदा आपोआप जिवंत होत नाही. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम ७ म्हणतं, तसं स्पष्ट लिहावं लागतं. म्हणून तपासणाऱ्यांचा शेरा मला फार मोलाचा वाटतो.

रात्रपाळी
मोलाचा आहे, पण निकालाची बातमी रात्री उशिरा लावणाऱ्याने काय करावं? बरेचसे निकाल अर्धेमुर्धेच असतात. ६ मे २०१६ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल घ्या. गोवंश हत्याबंदी टिकली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस बाळगण्याला गुन्हा ठरवणारं ५ड गेलं आणि निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावं म्हणणारं ९ब गेलं. ‘बंदी कायम’ हाही मथळा खरा आणि ‘कलमे रद्द’ हाही खरा. इथे वाचकाला फसवतो तो गाळलेला कलम-क्रमांक. शब्द ‘रद्द’ आहे की ‘बाद’, यावरून कुणी फसत नाही.

तळटीप
कलम-क्रमांकाचं अगदी बरोबर. पण मूळ पुस्तिकेत ‘अनकॉन्स्टिट्यूशनल’ही असेलच. त्याला काय घातलंय?

शब्दसाखळी
‘घटनाबाह्य’. तपासणाऱ्यांनी तिथे ‘असंवैधानिक’ केलंय.

बहावा
‘असंवैधानिक’ हिंदीतून आलेला. मराठीत ‘राज्यघटना’ रुळलेला असताना ‘घटनाबाह्य’ सोडू नये.

चिकित्सक
ग्रंथाचं अधिकृत मराठी नाव ‘भारताचे संविधान’ आहे, संविधान दिन आपण २६ नोव्हेंबरला पाळतो, मग विशेषण ‘घटना’पासूनच का काढायचं? आणि ‘घटना’ म्हणजे प्रसंगही. ‘घटनाबाह्य’ पहिल्यांदा वाचणारा मुलगा अडखळतो.

जुनी सनद
‘बाह्य’ आणि ‘विरोधी’ हे दोन शब्द वेगळे ठेवले तर मोठी सोय होईल. विधिमंडळाला तो विषय हाताळायचा अधिकारच नसेल तर कायदा घटनाबाह्य. अधिकार आहे, पण मूलभूत हक्क मोडला, तर घटनाविरोधी. ५ मे २०२१ च्या मराठा आरक्षण निकालात दोन्ही कारणं एकत्र आहेत. १०२ व्या दुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्याकडे उरला नाही, असं तीन विरुद्ध दोन मतांनी म्हटलं : हे ‘बाह्य’. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडायला अपवादात्मक परिस्थिती नव्हती, समानतेचा भंग झाला : हे ‘विरोधी’. ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ व्या दुरुस्तीने राज्यांचा अधिकार परत आला. म्हणजे पहिला दोष संसदेला दूर करता आला, दुसरा तसाच राहिला. दोन्हींना ‘घटनाबाह्य’ म्हटलं की हा निकाल समजावून सांगणं कठीण होतं.

रात्रपाळी
पन्नास वर्षं ‘घटनाबाह्य’ दोन्हीसाठी वापरला गेलाय. आता वाचकाला नवा भेद शिकवणार कोण?

जुनी सनद
नववीची पुस्तिका. तिथेच शिकवायचं असतं.

शब्दसाखळी
सर्वांचे आभार. ६६अ साठी ‘बाद ठरवले’ आणि ‘रद्दबातल ठरवले’ दोन्ही तपासणाऱ्यांकडे पाठवते, तळटीप यांचं वाक्य जोडून. पण पुढच्याच परिच्छेदात भारतीय दंड संहितेचं, ‘अनैसर्गिक’ लैंगिक संबंधांवरचं कलम ३७७ आहे आणि तिथे ‘रेड डाऊन’ म्हटलंय.

तळटीप
तिथे ‘रद्द’ही चालणार नाही आणि ‘बाद’ही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ते कलम टिकलं होतं. सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध तेवढे त्यातून वगळले. संमतीशिवायच्या कृत्यांना ते भारतीय दंड संहिता असेपर्यंत, म्हणजे १ जुलै २०२४ पर्यंत, लागू होतं. भाषाशास्त्रातला ‘अर्थसंकोच’ घ्या : ‘न्यायालयाने कलमाचा अर्थसंकोच केला.’

चिकित्सक
अर्थसंकोच आपोआप होतो, तो कुणी ‘करत’ नाही. ‘मृग’ म्हणजे कोणताही पशू, त्याचं फक्त हरीण झालं, ते कुणाच्या हुकमाने नव्हे. ‘कलमाची व्याप्ती आखडली’ म्हणा.

बहावा
‘आखडली’ म्हटलं की लचक भरल्यासारखं वाटतं. ‘संकुचित केली’.

रात्रपाळी
‘संकुचित’ला मराठीत वाईट वास आहे. ‘मर्यादित’ लिहा, आणि काय वगळलं ते लगेच पुढे लिहा.