फराळाची पार्सलं: १० औंसांपेक्षा जड असतील तर स्टॅम्प लावून मेलरूममध्ये ठेवू नका

ग्रुप: मराठी शेजारी, एडिसन (न्यू जर्सी, अमेरिका)

शिल्पा: मेलरूमच्या फळीवर स्टॅम्प लावलेली दोन पार्सलं पडून आहेत. मेलमन पत्रं घेऊन गेला, ती तशीच ठेवली. नाव दिसत नाहीये, पण खोक्यावर तेलाचे डाग आहेत आणि चकलीचा वास येतोय. ज्यांची असतील त्यांनी बघा.

निखिल: एकावर चांगले डझनभर फॉरएव्हर स्टॅम्प चिकटवलेत. पैसे तर पुरेसे भरलेले दिसतात. मग घेतलं का नाही?

मोहनकाका: पैशांचा प्रश्नच नाही रे. त्याला ते उचलायची परवानगी नाही. यूएसपीएसचा, म्हणजे अमेरिकी पोस्टाचा, १ ऑक्टोबर २०१९ पासूनचा नियम असा: टपालखर्च फक्त स्टॅम्पने भरलेला असेल आणि पाकीट किंवा खोकं १० औंसांपेक्षा जड किंवा अर्ध्या इंचापेक्षा जाड असेल, तर ते काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या हातात द्यायचं. रस्त्यावरच्या निळ्या टपालपेटीत नाही, पोस्टाच्या लॉबीतल्या फटीत नाही, मेलरूममध्ये नाही, मेलमनच्या हातातही नाही. ‘किंवा’ नीट वाचा. ४ औंसांचं हलकंफुलकं पाकीट पाऊण इंच फुगलेलं असलं तरी काउंटरच.

वर्षाताई: ग्रॅममध्ये हवं असेल तर १० औंस म्हणजे २८३ ग्रॅम. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. स्वयंपाकघरातला काटा चालतो, पण वजन खोकं, टेप, आतला कागद सगळं धरून करायचं. मध्यम आकाराचे पाच-सहा बेसनाचे लाडू झाले की खोक्यासकट मर्यादा गेलीच समजा.

आदित्य: जाडी कुठे मोजायची? बबल मेलर (आत बुडबुड्यांचं प्लास्टिक असलेलं पाकीट) कडेला चपटा असतो, मध्ये फुगलेला.

वर्षाताई: सगळ्यात जाड जागी. दाबून मोजायचं नाही. घरात पट्टी नसेल तर सेल आडवा बाजूला ठेवून बघा: ट्रिपल ए सेल साडेदहा मिलिमीटर जाड, डबल ए साडेचौदा. पाकीट डबल ए च्या जाडीला पोचलं की विषय संपला. कानातल्यांची साधी डबी बबल मेलरमध्ये घातली तरी बहुतेक वेळा अर्धा इंच ओलांडते. वजन दोन औंससुद्धा नसतं, म्हणून लोकांना वाटतं चालेल.

गौरी: पण मोठ्या पाकिटाला पाऊण इंचापर्यंत परवानगी असते ना? साइटवर तसंच वाचलंय.

मोहनकाका: बरोबर वाचलंयस, फक्त ते दोन वेगळे हिशोब आहेत. पाऊण इंच आणि १३ औंस ही मोठ्या पाकिटाच्या *दराची* मर्यादा. त्याच्या पुढे गेलं, किंवा पाकीट वाकत नसेल, किंवा एकीकडे फुगीर आणि एकीकडे चपटं असेल, की पार्सलचा दर लागतो. १० औंस आणि अर्धा इंच ही *कुठे टाकायचं* याची मर्यादा. त्यामुळे ११ औंसांचं मोठं पाकीट पाकिटाच्या दरात बसतं, पण स्टॅम्प लावलेले असतील तर पेटीत टाकता येत नाही. गोंधळ होतो तो इथेच.

निखिल: काका, पण स्टॅम्पवरच राग का? लेबल लावलेलं पाच पौंडांचं खोकं मेलमन मुकाट्याने नेतो.

मोहनकाका: कारण स्टॅम्प कोणी घेतला याची कुठेच नोंद नसते. दुकानातून रोखीने घ्या, घरी चिकटवा, रात्री पेटीत टाका, पाठवणारा कोण ते कुणालाच कळणार नाही. ऑनलाइन पैसे भरून छापलेल्या लेबलमागे खातं आणि कार्ड असतं, मीटरमागे (ऑफिसातलं टपालखर्च छापायचं यंत्र) परवानाधारक असतो. किऑस्क (पोस्टातलं आपणच लेबल काढायचं यंत्र) फक्त कार्ड घेतो आणि समोरच्याचा फोटोही काढतो. टपाल विमानानेही जातं, प्रवासी विमानानेसुद्धा. म्हणून निनावी आणि जड या जोडीवर नजर. टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या यूनाबॉम्बरच्या पार्सलांवर गरजेपेक्षा जास्त स्टॅम्प असायचे. तो १९९६ च्या एप्रिलमध्ये पकडला गेला, आणि १६ औंसांचा पहिला नियमही १९९६ चाच. ३० जुलै २००७ ला मर्यादा १३ औंसांवर आली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातून राजकारण्यांना पाइप बॉम्ब गेले, ते बबलरॅपच्या पाकिटांतून, वर झेंड्याचे फॉरएव्हर स्टॅम्प. पुढच्या वर्षी मर्यादा १० औंसांवर उतरली आणि जाडीची अट जोडली गेली.

शिल्पा: म्हणजे जास्तीचे स्टॅम्प लावले तर उलट संशय?

मोहनकाका: हो. पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसच्या संशयास्पद टपालाच्या लक्षणांत गरजेपेक्षा जास्त स्टॅम्प आहेत, परतीचा पत्ता नसणं आहे, वेडंवाकडं खोकं, भरमसाट टेप, तेलकट डाग, वास. आता तू वर काय लिहिलंयस ते वाच 😄

गौरी: बिचारी चकली.

वर्षाताई: हसण्यावारी नेऊ नका. तेल झिरपलेलं खोकं बाजूला काढलं जातं, आणि खोकं भिजून फुटलं तर बाकीची पत्रंही खराब. चकली, शेव, करंजी यांना आधी टिश्यू पेपर, मग झिपची पिशवी, मग घट्ट झाकणाचा डबा, मग नालीदार पुठ्ठ्याचं खोकं. डबा आणि खोकं यांच्यात सगळ्या बाजूंनी चुरगळलेला कागद, हलवल्यावर आवाज येता कामा नये. दोन इंच रुंदीची पारदर्शक किंवा ब्राउन पॅकिंग टेप. सुतळी, दोरी, वरून गुंडाळलेला ब्राउन पेपर काहीच नको. दोरी सॉर्टिंगच्या यंत्रात अडकते, कागद फाटतो आणि पत्ता त्याच्याबरोबर जातो. सेलोटेप आणि मास्किंग टेपने जड खोक्याची शिवण धरत नाही.

आदित्य: ॲमेझॉनचं जुनं खोकं वापरलं तर?

वर्षाताई: वापरा, पण जुनं लेबल आणि सगळे बारकोड काढा किंवा काळे करा. यंत्र जो बारकोड आधी वाचेल तो खरा धरेल. लिथियम बॅटरीचं किंवा दारूच्या कंपनीचं चिन्ह असलेलं खोकं मात्र घेऊच नका, आत लाडू असले तरी अडवतात. आणि स्टॅम्पवर टेप चिकटवू नका. टेपखालचा स्टॅम्प धरत नाहीत, कारण त्यावर शिक्का बसत नाही. आपल्याकडे ‘पडू नये’ म्हणून हे हमखास केलं जातं.

निखिल: घरात मुंजीच्या आमंत्रणांचे उरलेले भरपूर स्टॅम्प आहेत. ते पार्सलवर संपवायचे असतील तर?

मोहनकाका: संपव की. फॉरएव्हर स्टॅम्प कधीही घेतलेला असो, त्याची किंमत आजच्या एक औंसाच्या पत्राच्या दराएवढी धरतात. आकडा छापलेला स्टॅम्प असेल तर तेवढाच आकडा. उजव्या वरच्या कोपऱ्यात लाव, लेबलसाठी जागा सोड, काउंटरवर दे. तिथे वजन करतील, स्टॅम्पची बेरीज वजा करतील, फरक तेवढा घेतील आणि ट्रॅकिंगचा बारकोड लावतील. कमी लावलेले बरे. जास्त लावलेस तर वरचे पैसे परत मिळत नाहीत.

आदित्य: स्टॅम्प नकोतच, रांगही नको. सोपा रस्ता?

वर्षाताई: क्लिक-एन-शिपचं, म्हणजे यूएसपीएसच्या साइटवरून घरी छापायचं लेबल. खातं उघडा, पत्ता आणि वजन भरा, ग्राउंड ॲडव्हांटेज निवडा. जुलै २०२३ पासून फर्स्ट क्लासची लहान पार्सलं यातच येतात. कार्डाने पैसे भरा, छापा. दर काउंटरपेक्षा बहुतेक वेळा कमी, ट्रॅकिंग आणि १०० डॉलरचा विमा आतच. मग साइटवरून पॅकेज पिकअप लावा, ते फुकट असतं. मेलमन रोजच्या फेरीत घेऊन जातो, आणि अशा लेबलला १० औंसांची अट नाही. वजन मात्र प्रामाणिक लिहा. वाटेत यंत्र पुन्हा मोजतं आणि फरक नंतर खात्यातून कापला जातो. तारीख टाकाल त्याच दिवशी पार्सल द्या.

गौरी: प्रिंटर नसेल तर?

वर्षाताई: लेबल ब्रोकर निवडा. फोनवर क्यूआर कोड येतो, काउंटरवर दाखवला की लेबल तिथेच छापून देतात. ही सोय सगळ्या पोस्टांत नाही, आधी साइटवर बघून जा. किंवा ज्या पोस्टात किऑस्क आहे तिथे जा. खोकं काट्यावर ठेवा, झिप कोड टाका, कार्ड लावा, लेबल चिकटवा आणि तिथल्याच लॉबीतल्या पार्सलच्या पेटीत टाका. लॉबी बऱ्याचदा काउंटर बंद झाल्यावरही उघडी असते.

शिल्पा: निळ्या पेटीत लेबलवालं पार्सल टाकलं तर चालतं?

मोहनकाका: नियमाने चालतं, पण आपल्याकडच्या बऱ्याच पेट्यांची तोंडं आता अरुंद केली आहेत. लोक चिकट दोरी टाकून चेक काढायचे, म्हणून. पत्र जातं, खोकं जात नाही. रेटून घुसवू नका, अडकलं तर मागच्यांची पत्रंही अडकतात.

निखिल: आणि एखाद्याने स्टॅम्पवालं जड पाकीट टाकलंच तर काय होतं? फेकून देतात?

मोहनकाका: नाही. बाजूला काढतात, नियमाची चिठ्ठी लावून पाठवणाऱ्याकडे परत. म्हणजे भाऊबीज गेल्यावर तुझाच फराळ तुझ्या दारात. परतीचा पत्ता नसेल, किंवा त्यात अपार्टमेंट नंबर नसेल, तर परत कुठे करणार? शेवटी अटलांटाच्या मेल रिकव्हरी सेंटरला, म्हणजे बेवारस टपालाच्या केंद्राला जातं. तिथून लाडू परत येणार नाहीत. आपल्या बिल्डिंगमध्ये नंबराशिवाय पत्ता म्हणजे पत्ताच नाही.

गौरी: दिवाळी अंक पुस्तकांच्या स्वस्त दराने, मीडिया मेलने पाठवता येतील का? मुलाच्या डॉर्मवर दोन पाठवायचेत.

वर्षाताई: नाही. मीडिया मेलमध्ये जाहिराती असलेलं काही चालत नाही, पुस्तकात फार तर दुसऱ्या पुस्तकांची किरकोळ माहिती. दिवाळी अंक म्हणजे अर्धा अंक ज्वेलर्स आणि बँका. आणि मीडिया मेल पोस्टाला उघडून बघता येतो, सापडलं तर जास्तीचा दर लागतो. कथासंग्रह, कादंबरी, शब्दकोश खुशाल पाठव. अंक ग्राउंड ॲडव्हांटेजने. जाड अंक एकटाच वजनात अडकतो, त्यामुळे स्टॅम्प लावणार असशील तर काउंटर.

आदित्य: भारतात पाठवायचं असेल तर? बहिणीला बांगड्या आणि एक परफ्यूम.

वर्षाताई: परफ्यूम विसरा. अल्कोहोल असलेलं परफ्यूम परदेशी टपालाने पाठवायला बंदी आहे. देशातल्या देशात चालतं, पण फक्त जमिनीवरून. बांगड्या जातील, पण साध्या पाकिटात नाही. जानेवारी २०१८ पासून फर्स्ट क्लास इंटरनॅशनलच्या पत्रात आणि मोठ्या पाकिटात फक्त कागदपत्रं चालतात. वस्तू म्हटलं की पॅकेज, मग ती एक राखी का असेना. चार पौंडांपर्यंत फर्स्ट क्लास पॅकेज इंटरनॅशनल, वर प्रायॉरिटी मेल इंटरनॅशनल. प्रायॉरिटीचं लेबल कस्टम्स फॉर्मसकट घरी छापता येतं. स्टॅम्प लावून न्यायचं असेल तर थेट काउंटर.

मोहनकाका: फॉर्मवर नुसतं ‘गिफ्ट’ लिहू नकोस. ‘काचेच्या बांगड्या, २४ नग’ असं वस्तू, संख्या, किंमत, वजन. हाताने भरलेला फॉर्म खोक्यावर चिकटवून चालत नाही, माहिती संगणकात जावी लागते. २९७६-आर फॉर्म भरून क्लार्कला दे, तो टाइप करून लेबल काढतो. घरून ऑनलाइन भरून नेलास तर रांगेत मागच्यांचे शाप कमी.

निखिल: काउंटरवर दरवेळी विचारतात, आत द्रव, नाजूक, नाशवंत, घातक काही आहे का. लाडवांना काय सांगायचं?

मोहनकाका: खरं ते. घरचा फराळ, कोरडा. प्रत्येक पार्सलला वेगळं विचारतात, वैतागू नकोस, त्यांनाही विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पॉवर बँक असेल तर आधी सांग, सुटी लिथियम बॅटरी वेगळ्या अटींवर जाते.

शिल्पा: पार्सलं ३बी मधल्या जोशींची निघाली. शनिवारी सकाळी काउंटरवर नेणार आहेत, गाडीत जागा आहे म्हणतायत, कुणाला यायचं असेल तर सांगा.

वर्षाताई: निघायच्या आधी काउंटरची वेळ बघा म्हणावं, बऱ्याच पोस्टांत शनिवारी दुपारीच बंद होतं. आणि ऑक्टोबरमधला दुसरा सोमवार, कोलंबस डे, तसंच ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे, दोन्ही दिवशी पोस्ट बंद. दिवाळी याच्या आसपास येते, त्यामुळे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी रांग दारापर्यंत असते. त्यांना सांगा, खोकं बदला, डागाळलेलं नेऊ नका. माझ्याकडे रिकामी आहेत, १०बी मधून घेऊन जा.