डायलवर ३०० मीटर छापलंय म्हणून रेप्लिका घड्याळ पाण्यात न्यावं का?

तिसरा काटा

रेप्लिका घड्याळाचा, म्हणजे नामांकित ब्रँडच्या नकलेचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "मी ते घालूनच पोहतो, अजून तरी काही झालेलं नाही." याच वाक्यावर विसंबून लोक घड्याळं पाण्यात नेतात, म्हणून हा धागा.

माझं मत सरळ आहे. रेप्लिकावर पाण्यात भरवसा ठेवू नये, कारण तिच्या डायलवरचा आकडा त्या घड्याळाचा नसतोच. १९५३ साली रोलेक्स सबमरीनर हे डायव्हिंगचं घड्याळ आलं तेव्हा त्यात पाणी न शिरण्याची हमी १०० मीटर खोलीपर्यंतची होती, आज ती ३०० मीटरची आहे. त्या वाढलेल्या २०० मीटरमागे किल्लीची (वेळ लावायच्या बाजूच्या गुंडीची) बदललेली रचना आहे, नवी काच आहे आणि तपासणीची पद्धत आहे. नक्कल करणाऱ्याने लोगो जिथून उचलला तिथूनच हा आकडाही उचलला. घड्याळ यंत्रात घालून, दाब देऊन, मग हा आकडा छापला असं कुणी केलेलं नसतं.

घड्याळात पाणी शिरायच्या मुख्य वाटा तीन: काचेची कड, मागचं झाकण आणि किल्ली. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं घड्याळ) असेल तर बटणं धरून पाच. प्रत्येक वाटेवर रबराची किंवा नायलॉनची एक बारीक कडी बसलेली असते आणि सगळी भिस्त तिच्यावर असते. ती कडी कशाची आहे, खाचेत नीट दाबली गेली आहे का, तिला ग्रीस लावलंय का, हे बाहेरून दिसत नाही. मग विश्वास ठेवायचा कशाच्या आधारावर?

खोलपाणी

पूर्ण असहमत. म्हणजे तुमचे मुद्दे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे.

पाण्याला नाव वाचता येत नाही. कडी नीट बसली असेल तर पाणी आत जाणार नाही, मग डायलवर कुणाचंही नाव असो. "हे रेप्लिका आहे, म्हणून गळणार" हे विधान तांत्रिक नाही. तांत्रिक प्रश्न एवढाच, की हे समोरचं घड्याळ अमुक दाब सहन करतं का. त्याचं उत्तर प्रेशर टेस्टच्या यंत्रातून काही मिनिटांत मिळतं.

दुसरं, पोहायला किती दाब लागतो याबद्दल फार गैरसमज आहेत. दर १० मीटर खोलीला साधारण १ बार (दाबाचं एकक) इतका दाब वाढतो. "हात मारताना दाब कित्येक पट होतो" असं सर्रास सांगितलं जातं. गणित करून बघा. हात सेकंदाला ३ मीटर वेगाने पाण्यातून गेला तर त्या वेगामुळे वाढणारा दाब ०.०४५ बार, म्हणजे जेमतेम अर्धा मीटर जास्त खोल गेल्याइतका. ५ बारची टेस्ट पास झालेलं घड्याळ तलावात पोहायला पुरेसं आहे. ३०० मीटरचा दावा खोटा असेल, असू दे. मला ३०० मीटर जायचंच नाही, मला ३ मीटर जायचं आहे.

बारीक स्क्रू

मी घड्याळं दुरुस्त करतो. रेप्लिकाही उघडल्या आहेत, म्हणून थोडं आतलं सांगतो.

सगळ्या सारख्या नसतात, हे खोलपाणी यांचं म्हणणं खरं आहे. काहींची बॉडी उत्तम घासलेली असते, कड्या जागच्या जागी असतात. काहींमध्ये मागच्या झाकणाची कडी पीळ पडलेली किंवा कोरडी ठणठणीत. मुद्दा असा, की एकाच मॉडेलची दोन घड्याळं उघडली तरी आत वेगळं सापडतं. त्यामुळे "माझ्या मित्राचं टिकलं" याला काही अर्थ उरत नाही.

सगळ्यात कच्ची जागा किल्लीची. स्क्रूची किल्ली बघून लोक निर्धास्त होतात. पण आटे नुसते किल्ली धरून ठेवतात. पाणी अडवते ती किल्लीच्या आतली कडी आणि ज्या नळीवर किल्ली बसते ती नळी. ही नळी बॉडीत नुसती दाबून किंवा चिकटवून बसवली असेल, तर किल्ली कितीही आवळा, पाणी नळीच्या बाहेरून आत जातं. आणि आटे मऊ धातूचे असले की रोज उघडझाप करून ते झिजतात. एक दिवस किल्ली "लागल्यासारखी" वाटते, पण लागलेली नसते.

आणखी एक. खोल डायव्हिंगच्या काही अस्सल घड्याळांना हेलियम बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असतो. नकलेत तो कधी नुसता दिखाऊ असतो, तेव्हा चिंता नाही. पण काही ठिकाणी बॉडीला खरंच भोक पाडलेलं असतं. म्हणजे गरज नसलेली आणखी एक वाट.

टेस्टबद्दल. कोरड्या टेस्टमध्ये घड्याळ हवेच्या दाबात ठेवतात आणि काच किती दबते ते सेन्सर मोजतो. आत हवा शिरत असेल तर दबलेली काच परत वर येऊ लागते. ओल्या टेस्टमध्ये घड्याळ पाण्याच्या वर टांगून आधी हवेचा दाब देतात, मग पाण्यात बुडवून दाब हळूहळू सोडतात. आत हवा शिरली असेल तर फटीतून बुडबुडे निघतात, आणि दाब पूर्ण उतरायच्या आत घड्याळ वर काढावं लागतं, नाहीतर हवेच्या जागी पाणी आत. दोन्ही टेस्ट भरवशाच्या आहेत, फक्त त्या दिवसापुरत्या.

खोलपाणी

"त्या दिवसापुरत्या" हे अस्सल घड्याळालाही लागू आहे ना? रबर म्हातारं होताना ब्रँड बघत नाही. कंपन्या स्वतःच सांगतात की पाण्याची तपासणी ठरावीक काळाने करून घ्या. दहा वर्षं न उघडलेलं अस्सल डायव्हिंग घड्याळ आणि काल नव्या कड्या घालून ५ बारला तपासलेली रेप्लिका, यांतलं एक घालून पाण्यात उतरायचं झालं तर मी दुसरी निवडेन. तुम्ही?

तिसरा काटा

त्या दोघांत मीही दुसरीच निवडेन, हे मान्य. पण ही तुलना तुम्ही सोयीची निवडली आहे. दहा वर्षं न उघडलेलं अस्सल घड्याळ कारागिराकडे नेलं तर त्याच मापाची कडी, तीच नळी, तीच किल्ली मिळते आणि घड्याळ पुन्हा मूळ क्षमतेवर येतं. रेप्लिकाची कडी कुठल्या मापाची मागवणार? खाचेची खोली मिलिमीटरच्या काही शतांशांनी जरी चुकली तरी कडी एक तर नीट दाबली जात नाही किंवा चिरडते. दरवेळी अंदाजाने बसवायची.

आणि दाब ही किरकोळ गोष्ट नाही. काचेचा व्यास ३० मिलिमीटर धरा. १० बारला त्या काचेवर साधारण ७० किलोचा भार येतो, ३० बारला दोनशे किलोच्या वर. अस्सल घड्याळात काचेची जाडी आणि तिला धरणारी कडी या भाराचा हिशोब करून ठरते. नकलेत जाडी ठरते ती बाजूने दिसायला सारखं दिसावं म्हणून. तुम्ही ३ मीटरच जाणार हे ठीक, पण घड्याळ विकताना "फक्त ३ मीटर" असं कुणी सांगत नाही. ज्याला हे गणित माहीत नाही तो डायलवरचा ३०० वाचतो.

निळाई

मी स्कूबा डायव्हिंग करते. इथे सगळे घड्याळ वाचेल की नाही यावर बोलत आहेत, मला माणसाबद्दल बोलायचंय.

डायव्हिंग घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. किमान १०० मीटर ही अट, आणि नमुन्यादाखल काही नव्हे, तर प्रत्येक घड्याळ छापलेल्या दाबाच्या १२५ टक्क्यांवर तपासायचं. म्हणजे २०० मीटरवालं २५० मीटरच्या दाबाला. (साध्या जलरोधक घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे वेगळं मानक आहे, त्यात नमुने तपासले तरी चालतं.) शिवाय खारं पाणी, धक्का, चुंबकत्व आणि २५ सेंटिमीटरवरून अंधारात वेळ दिसणं, हे सगळं त्यात येतं.

बाहेरची फिरती कडा (पाण्यात किती वेळ झाला ते मोजायची) एकाच दिशेला फिरली पाहिजे, कारण ती चुकून धक्क्याने सरकली तर आपण जास्त वेळ पाण्यात आहोत असं दिसावं, कमी वेळ नव्हे. कडा ढिली असेल किंवा दोन्ही बाजूंना फिरत असेल तर घड्याळ कोरडं राहूनही तुम्हाला हवा संपायच्या वेळेबद्दल खोटं सांगेल. आज बहुतेक जण डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) वापरतात हे खरं, पण तो बंद पडला तर हातावरचं घड्याळ हाच आधार. त्या जागी रेप्लिका? माझ्या बडीच्या (डायव्हिंगच्या जोडीदाराच्या) हातात दिसली तर मी त्याला ती उतरवायला सांगेन.

खोलपाणी

निळाई, तुमच्याशी मी वाद घालणारच नाही. डायव्हिंगसाठी रेप्लिका नको, शंभर टक्के. माझा दावा तलाव, पाऊस आणि हात धुणं एवढ्यापुरताच होता आणि आहे.

ओंजळ

मला एक रेप्लिका भेट मिळाली आहे. पोहणं वगैरे नाही, पण अंघोळ करताना काढायची राहून जाते. चालेल का?

बारीक स्क्रू

अंघोळीचं गरम पाणी हे तलावातल्या गार पाण्यापेक्षा वाईट. उष्णतेने धातू, काच आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे ते बारीक फटीत सहज जातं, आणि कड्यांवरचं ग्रीसही साबणाने धुऊन जातं. अस्सल घड्याळही गरम शॉवरखाली घालू नये.

आधीच थोडा ओलावा शिरलाय का, हे बघायची एक पद्धत आहे. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत कोमट करतात, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात, मिनिटभराने पुसतात. आतून धुकं दिसलं तर आत ओलावा आहे. हे कारागिराकडूनच करून घ्या, घरी तापवत बसू नका. मशीनचं तेल आणि डायलचा रंग दोन्ही बिघडतात.

रोखठोक

पाण्याचा प्रश्न नंतर. दुसऱ्याच्या नावाने माल विकणं हीच फसवणूक आहे, आणि फसवणुकीच्या मालात बसून त्याच्या प्रामाणिकपणाची टेस्ट कसली करता? पाण्यात घालायला साधं, स्वतःच्या नावाने विकलं जाणारं घड्याळ घ्या. कॅसिओने १९८३ मध्ये पहिलं जी-शॉक आणलं ते २०० मीटरचं होतं. तो आकडा त्या कंपनीने स्वतःच्या नावावर दिला होता आणि चुकला असता तर जाब त्यांनाच विचारला गेला असता.

खोलपाणी

विकणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण ज्याच्या हातात ते आधीच आहे, भेट म्हणून आलंय, त्याला "हे अनैतिक आहे" एवढं सांगून त्याचा प्रश्न सुटत नाही. त्याला हे पाण्यात घालू की नको, हे हवंय.

तिसरा काटा

खोलपाणी, मग तुमच्याच अटी धरू. आधी टेस्ट, दरवर्षी पुन्हा टेस्ट, फक्त गार गोडं पाणी, समुद्र नाही, उडी नाही. एवढं सगळं सांभाळायचं असेल तर त्याला "भरवसा" म्हणायचं का? भरवसा म्हणजे मनात विचार न आणता पाण्यात उतरता येणं. आणि ही टेस्ट करून देणार कोण? रेप्लिका पुढे केली की कित्येक कारागीर हात लावायला तयार नसतात.

खोलपाणी

उडीचंही गणित देतो. ५ मीटर उंचीवरून मारलेली उडी पाण्याला सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने भिडते, त्याचा दाब जेमतेम अर्धा बार.

बारीक स्क्रू

ते सलग वाहत्या पाण्याचं गणित झालं. उडीत घड्याळाची सपाट काच पाण्यावर आपटली तर क्षणभराचा दाब त्याहून बराच जास्त असतो, शिवाय किल्लीला आडवा धक्का बसतो तो वेगळाच. उडी मारताना काढूनच ठेवा.

आणि तिसरा काटा यांच्या प्रश्नाचं उत्तर: मी टेस्ट करून देतो, पण लेखी हमी देत नाही. आत पुढच्यांदा कुठली कडी घालावी लागेल हे मलाच माहीत नसतं, तर कागदावर सही कशाच्या जोरावर करू? अस्सल किंवा साध्या प्रामाणिक घड्याळाला ती सही मी देतो.

ओंजळ, काचेखाली धुकं दिसलंच तर "उन्हात ठेवलं की उडेल" म्हणून थांबू नका. ओलावा उडाल्यासारखा दिसतो, पण आतच राहतो. त्याच दिवशी उघडून घ्या. खारं पाणी गेलं असेल तर एक रात्रही फार होते, बारीक चाकांच्या पोलादी अक्षांवर सकाळपर्यंत गंज धरायला लागलेला असतो.