ऑलमन ब्रदर्स या अमेरिकी रॉक बँडचा 'सेव्हन टर्न्स' अल्बम विसरलात की राव!

कुणीतरी म्हटलंय की रीयुनियन अल्बम, म्हणजे फुटलेला बँड परत एकत्र येऊन काढतो तो, हे नुसतं जुन्या नावावर पैसे उकळणं आणि लोक पण आठवणींपायी उचलून धरतात. अर्धं पटलं. ऑलमन ब्रदर्सचंच घ्या ना, बँड फुटल्यावर १९७८ मध्ये एकदा परत एकत्र आले, १९७९ चा अल्बम बऱ्यापैकी चालला, पण लगेच १९८० आणि ८१ चे दोन अल्बम एवढे गुळगुळीत पॉप निघाले की त्यांच्या कट्टर चाहत्यांनीच नाकं मुरडली आणि ८२ मध्ये बँड परत फुटला. नुसत्या आठवणींवर लोक उचलून धरत असते तर ते दोन्ही का पडले?

मग १९९० चा 'सेव्हन टर्न्स', तो ऐकाच. प्रोड्यूसर टॉम डाउड, म्हणजे ज्याने त्यांचा न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरमधला गाजलेला लाइव्ह अल्बम केला तोच, ड्रमर जेमो परत आल्यामुळे जुनी दोन ड्रमरची जोडी परत जमली, आणि जुना गिटारिस्ट डिकी बेट्सच्या जोडीला वॉरेन हेन्स हा नवा पोरगा. बँडचा दिवंगत गिटारिस्ट ड्वेन ऑलमनच्या जागी स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवतात ती) वाजवायची म्हणजे खायचं काम नाही, पण पठ्ठ्या नक्कल करायला गेलाच नाही! त्यातली 'ट्रू ग्रॅव्हिटी' ही धून हेडफोन लावून ऐका, दोन गिटार आधी एकच चाल जोडीने वाजवतात, मग सुटतात, कोण कुणाच्या मागे चाललंय कळत नाही. गायक ग्रेग ऑलमनचा आवाज थोडा खरखरीत झालाय पण ब्लूजला तो शोभतोच. समीक्षकांनी पण चांगलं म्हटलं, त्यातलं 'गुड क्लीन फन' हे गाणं तर अमेरिकेत रॉक रेडिओच्या चार्टवर एक नंबरला गेलं. मला स्वतःला ते गाणं एवढं खास वाटत नाही, ते सोडा.